शिस्त एवढं उत्तर पुरत नाही

भारतात लष्कराने कधी सत्ता का बळकावली नाही, असा निबंधाचा विषय होता. भाच्याने दोन पानं भरून उत्तर लिहिलं होतं. आपली फौज शिस्तीची आहे, हुकूम पाळणं तिच्या हाडीमांसी खिळलेलं आहे, मोठ्या माणसांनी घालून दिलेली परंपरा आहे, वगैरे. शिक्षकांनी गुण दिलेच नव्हते. समासात लाल शाईने एक ओळ होती: ‘मग पाकिस्तानची फौज बेशिस्त होती का? पुन्हा लिहून आणा.’

टर्म संपवून तो खडकवासल्याहून इंदूरला आला तेव्हा ही वही सोबत घेऊन आला. एन.डी.ए.चा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, कॅडेट सुट्टीत घरी आला की आधी दोन दिवस नुसता झोपतो, मग खातो, मग मित्रांकडे जातो. हा मात्र तिसऱ्याच दिवशी वही घेऊन माझ्याकडे रामबागेत आला. ‘‘मावशी, यात चूक काय आहे ते सांग.’’ मी इथल्या एका कॉलेजात आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं. एन.सी.सी.ची मुलं परेडच्या दिवशी खाकीतच वर्गात येऊन बसायची, त्यातली काही पुढे अधिकारी झाली. पण फौजेत जाणाऱ्या मुलाला राज्यशास्त्र नेमकं कशासाठी शिकवायचं, याचं उत्तर मला त्या लाल ओळीत जितकं स्वच्छ दिसलं तितकं अभ्यासक्रमाच्या कुठल्याही उद्दिष्टांत दिसलं नव्हतं. त्या शिक्षकांना मी ओळखत नाही. त्यांना माझा नमस्कार.

त्या दिवशी आम्ही देहरादूनपासून सुरुवात केली. इंडियन मिलिटरी अकॅडमी १९३२ साली उघडली, पहिल्या तुकडीत चाळीस मुलं होती. तिला अजूनही ‘पायोनियर्स’ म्हणतात. त्या एका तुकडीतून तीन देशांना सेनाप्रमुख मिळाले. भारताला सॅम माणेकशा, पाकिस्तानला मोहम्मद मुसा, ब्रह्मदेशाला स्मिथ डन. तिघांनी एकाच मैदानावर पाय आपटले, एकाच मेसमध्ये जेवले. फिल्ड मार्शल चेटवुड यांनी त्या डिसेंबरात केलेलं भाषण, देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण नेहमी आधी, हे त्याच मुलांपुढे केलेलं आहे. पुढे काय झालं? १९५८च्या ऑक्टोबरात पाकिस्तानात जनरल अयूब खान यांनी सत्ता घेतली आणि सैन्याची सूत्रं मुसांकडे आली. स्मिथ डन हे करेन जमातीचे. १९४९ साली करेन बंड पेटलं तेव्हा त्यांना पदावरून दूर केलं गेलं, आणि १९६२ साली जनरल ने विन यांनी ब्रह्मदेश ताब्यात घेतला. माणेकशा १९६९ साली सेनाप्रमुख झाले, १९७१चं युद्ध जिंकलं, सगळा देश त्यांचं नाव घेत होता, आणि १९७३च्या जानेवारीत ते रीतसर निवृत्त झाले. शिस्त तर तिघांना एकाच ठिकाणी शिकवली होती.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे क्रेडिट आमचं नाहीच?’’

तुमचंही आहे, पण एकट्या तुमचं नाही, हे मला त्याला सांगायचं होतं. भारतात संविधान १९५० साली लागू झालं आणि १९५१-५२ साली सार्वत्रिक निवडणूक झालीसुद्धा. पाकिस्तानला पहिलं संविधान मिळायला १९५६ उजाडलं, आणि प्रौढ मतदानाची पहिली देशव्यापी निवडणूक व्हायला १९७०. इथे गावोगाव शाखा असलेला पक्ष होता, तिथे मुस्लिम लीगची मुळं नेमकी त्या प्रांतांत उथळ होती जे पाकिस्तानात गेले. फौजेची भरतीही तिथे एकाच प्रांतावर फार झुकलेली होती. आणि मग दिल्लीतल्या सरकारने जाणूनबुजून केलेल्या काही गोष्टी. इंग्रज सरसेनापतीसाठी बांधलेल्या तीन मूर्तीच्या वाड्यात स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान राहायला गेले. १९५५ साली ‘कमांडर-इन-चीफ’ हे पद संपलं. भूदल, नौदल, हवाई दल यांचे तीन प्रमुख एकमेकांच्या बरोबरीने उभे राहिले, आणि सर्वोच्च सेनापती राष्ट्रपती, हे संविधानात लिहिलेलंच होतं. कोण कुठल्या घरात राहतो हा इतिहासाचा प्रश्न असू शकतो, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो खुर्चीत सावरून बसला.

मला वाटतं, सामाजिक शास्त्रांचा तास कॅडेटला याच्यासाठी हवा. स्वतःबद्दल जे तो सहज मानून चालतो, ते कशाकशाच्या आधाराने उभं आहे, हे त्याला कळायला हवं. लोकशाहीच्या आज्ञेत राहणं हा गुण आपोआप अंगात येत नाही. माणसांनी तो घडवला आहे, आणि घडवलेली गोष्ट राखावी लागते. ज्याला हे कळलंय तो अधिकारी ती जपेल. ज्याला ती रक्तातच आहे असं वाटतं, त्याला ती जपायची असते हेच ठाऊक नसतं.

घरी मात्र त्याने एन.डी.ए.त बी.ए. घेतल्यावरून नाराजी होती, अजूनही आहे. त्याचे बाबा पीथमपूरला एका कारखान्यात इंजिनिअर. बारावीला गणित-भौतिकशास्त्र घेऊन चांगले गुण मिळवलेला मुलगा तिथे जाऊन ‘आर्ट्स’ घेतो, हे त्यांना पटलं नाही. एन.डी.ए.त आता नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेट्सना बी.टेक.चा मार्ग आहे, युद्ध ड्रोनचं आणि संगणकाचं झालंय, आणि हा इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र शिकणार. त्यांची काळजी खोटी नाही. फौजेला इंजिनिअर लागतात आणि यापुढे जास्तच लागतील. पण जो लेफ्टनंट विशीच्या जरा पुढे असताना तीस-पस्तीस जवानांचा मुखत्यार होतो, ज्याला पहिल्याच पोस्टिंगला भाषा न येणाऱ्या मुलखात गावच्या सरपंचाशी बोलावं लागतं, त्याच्या कामाचा किती भाग यंत्रांशी आहे आणि किती माणसांशी, हे एकदा मोजून बघावं.

सामाजिक शास्त्रांबद्दल जो गैरसमज आहे त्याला आपली तयारीची पद्धतही जबाबदार आहे, हे मी स्पष्ट म्हणेन. इंदूरची मुलं एस.एस.बी.ला, म्हणजे अधिकारी निवडण्याच्या चाचण्यांना, बहुधा भोपाळला जातात. तिथे एक परीक्षा असते, लेक्चरेट. चिठ्ठीवरचे विषय, त्यातला एक निवडायचा, तीन मिनिटं विचार, तीन मिनिटं भाषण. चाचणी म्हणून ती योग्यच आहे. धिटाई आणि मांडणी कळते. पण त्या तीन मिनिटांसाठी मुलं काश्मीर, जलवाटप, लोकसंख्या, स्त्री-सक्षमीकरण यांच्या घडीव उत्तरांच्या वह्या पाठ करतात, आणि समाजाचा अभ्यास म्हणजे असंच काहीतरी, अशी समजूत घेऊन अकॅडमीत पोहोचतात. काश्मीरवर तीन मिनिटं अडखळल्याशिवाय बोलता येणं, हे काश्मीर कळण्याच्या आड येऊ शकतं.

आणि अकॅडमीतला दिवस कसा असतो! पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, स्क्वॉड करून सायकलींवरून वर्गात, कालच्या रगड्याने दुखणारे खांदे. भाचा सांगतो, सकाळच्या दुसऱ्या तासाला डोळे उघडे ठेवणं हीच लढाई असते. मग कॅडेट काय करतो, तर नोट्स मिळवतो आणि परीक्षेपुरतं वाचतो. पदवी मात्र दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. ज्या विद्यापीठाची ख्याती वादविवादाची, त्याचं प्रमाणपत्र घेऊन ही मुलं फौजेत जातात, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. त्या पदवीमागे थोडा वादविवादही घडावा एवढीच इच्छा. एन.डी.ए.ची मुख्य इमारत सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या भूमीसाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने एक लाख पौंडांची देणगी दिली होती. फाळणी झाली, देणगीचीही वाटणी झाली, भारताच्या वाट्याला ७० हजार आले आणि त्यातून ही इमारत. साम्राज्य, युद्ध, फाळणी, देणंघेणं, सगळं त्या एका घुमटाखाली आहे. रोज समोरून जाणाऱ्या मुलांना या इमारतीवर एक तास मिळाला तर कुणाला झोप येणार नाही.

आता महूबद्दल. इंदूरपासून तासाभराच्या आत पोहोचता येतं, कागदोपत्री त्याचं नाव डॉ. आंबेडकर नगर, आमच्या तोंडी अजून महू. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग, या तिन्ही संस्था इथे. शेवटच्या कॉलेजात बी.टेक. करणारे कॅडेटही असतात. रविवारी बाजारात टाय लावून फिरणारी ती कातरलेल्या केसांची मुलं आम्ही लहानपणापासून बघत आलो. माणेकशा एके काळी इथल्या इन्फंट्री स्कूलचे प्रमुख होते. भाच्याला घेऊन मी त्या सुट्टीत महूला गेले, कारण त्याच्या निबंधाचं अर्धं उत्तर मला तिथे दिसत होतं.

ही छावणी आपल्या पराभवातून वसली आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज हरली, पंधरवड्याने मंदसौरचा तह झाला, आणि १८१८ साली इंग्रजांनी महूला तळ ठोकला. इंदूरच्या मराठी घरांत हा इतिहास होळकरांच्या बाजूने सांगितला जातो आणि ते स्वाभाविक आहे. पण महिदपूरला समोर उभा असलेला सर जॉन माल्कम हा मला नेहमी थांबवतो. लढाई जिंकल्यावर या माणसाने माळवा समजून घ्यायला सुरुवात केली. शेतसारा कसा ठरतो, भिल्लांच्या वाटा कुठून जातात, पेंढारी का होतात, सावकार कसा काम करतो. अहिल्याबाईंबद्दल त्याने जुन्या माणसांना खोदून खोदून विचारलं आणि जितकी चौकशी करावी तितका आदर वाढतो, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. १८२३ साली त्याचं मध्य भारतावरचं लिखाण दोन खंडांत छापून आलं. आजही माळव्याच्या इतिहासाचा अभ्यासक ते टाळू शकत नाही.

भाचा म्हणाला, ‘‘मग हाच तर आदर्श झाला. फौजी माणूस, सोशल सायन्स करणारा.’’

इथे मी त्याला अडवलं. माल्कमने माळवा समजून घेतला तो माळव्यावर राज्य करण्यासाठी. ज्या माणसांबद्दल तो लिहीत होता त्यांच्यापुढे त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. त्याच्यानंतरच्या साहेबांनी तर हे शास्त्र आणखी खाली नेलं. कोणती जात लढवय्यी, कोणती नाही, कुणाची छाती किती, कुणाचा स्वभाव कसा, अशा जातवार पुस्तिका भरती अधिकाऱ्यांसाठी निघाल्या. त्यात मराठ्यांवरचीही होती. मोजमापं, तक्ते, वर्णनं, सगळं अगदी शास्त्रीय दिसणारं. आणि त्याच विचाराच्या जोरावर १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कंपनीच्या पलटणीत नोकरी केली त्यांना एका दिवसात सांगण्यात आलं की तुम्ही लढवय्ये नाही.

याच वर्षांत महूच्या काळी पलटणीत सुभेदार रामजी सकपाळ राहत होते. सैनिकांच्या शाळेत ते शिकवत, पुढे बरीच वर्षं मुख्याध्यापक होते. फौजेतला शिक्षक! त्यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले. बाबासाहेबांचं जन्मस्थान म्हणून तिथे आज स्मारक आहे, आणि जयंतीला विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून लोक लोटतात. त्या दिवशी महूच्या रस्त्यावर कानाला मराठीच जास्त ऐकू येते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. संगमरवरी पायऱ्यांशी एक म्हातारं जोडपं चप्पल काढून उभं होतं, परभणीकडचं. आजीबाईंनी भाच्याचे केस बघून विचारलं, ‘‘मिलिट्रीत हाय का बाळा? आमचा नातूबी हाय, महार रेजिमेंटला, सागरला.’’ त्याने वाकून नमस्कार केला. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, हे त्याला माहीत होतं. मधल्या पन्नास वर्षांत काय झालं, अर्ज कुणी केले, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा तात्पुरती पलटण उभारून नंतर ती मोडली कशी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या पायऱ्यांवर बसून सांगितलं, आणि आजोबांनी मधे मधे भर घातली. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

फौजेतल्या त्या शिक्षकाचा मुलगा १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातींवर निबंध वाचतो. १९४० साली पाकिस्तानच्या मागणीवर पुस्तक लिहिताना हिंदी फौजेत कुठल्या प्रांताची, कुठल्या समाजाची किती माणसं आहेत याचे तक्ते मांडतो आणि त्यावरून देशाच्या संरक्षणाचा विचार करतो. भाच्याच्या निबंधाला जे हवं होतं ते हेच. भरतीचे आकडे बघ, मग शिस्तीबद्दल बोल. आणि पुढे हेच बाबासाहेब संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होतात. त्या संविधानात अनुच्छेद ३३ आहे. सैन्यदलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे हे संसद ठरवू शकते, कर्तव्य नीट पार पडावं आणि शिस्त राहावी म्हणून. त्याच्या आधाराने सैनिकाला राजकीय संघटनेत जाता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहिता येत नाही. मत मात्र देता येतं. म्हणजे कॅडेट नागरिक राहतोच, आपले काही हक्क तो बाजूला ठेवतो. काय बाजूला ठेवतोय हे ज्याला माहीतच नाही, त्याने ठेवलं असं तरी कसं म्हणावं? पहिल्या टर्मला हा अनुच्छेद प्रत्येक कॅडेटकडून मोठ्याने वाचून घ्यावा, असं मला फार वाटतं.

मुलींचा विषय त्यातूनच निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये एन.डी.ए.च्या परीक्षेचं दार मुलींना उघडलं, २०२२ साली पहिली तुकडी आली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली पास आउट झाल्या. त्याच्या वर्गात मुली आहेत, त्यामुळे वाद पुस्तकातला राहिलेला नाही. एका तासाला कुणीतरी शरीरबळाचा मुद्दा काढला आणि एका मुलीने लढवय्या जातींच्या पुस्तिकांचा दाखला देऊन उत्तर दिलं, हे त्याने मला सांगितलं. ती मुलगी चांगली अधिकारी होणार यात मला शंका नाही.

परतीच्या वाटेवर राऊला शिकंजी घ्यायला थांबलो तेव्हा त्याने मनातलं बोलून दाखवलं. ‘‘मावशी, हे सगळं ठीक. पण प्लाटूनमध्ये डिबेट नसतो. गोळी चालू असताना मी ‘का’ विचारत बसलो तर माणसं मरतील.’’

हा आक्षेप खरा आहे आणि सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्यांनी तो झटकून टाकू नये. गोळी चालू असताना विचारायचं नाही, म्हणून तर तीन वर्षं वर्गात विचारायचं. जिथे चुकलं तर फक्त लाल शाई मिळते, अशी जागा आयुष्यात त्याला पुन्हा मिळणार नाही. १९८७ साली आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. ज्या तमिळांचं रक्षण करायला गेलो त्यांच्यातल्याच बंडखोरांशी लढण्याची वेळ काही महिन्यांत आली, आणि १९९०च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली तोवर हजाराहून जास्त जवान गेले होते. जाफन्यात कोण कुणाचं ऐकतं, तमिळ तरुण कशावर चिडलेत, आपल्याकडे तमिळ बोलणारे अधिकारी किती, हे प्रश्न बंदुकीइतकेच महत्त्वाचे होते. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ कोळशाच्या खाणीतून पिकअपने घरी निघालेले सहा मजूर आपल्याच जवानांच्या गोळ्यांनी मेले. अतिरेकी समजून. त्यानंतर उसळलेल्या हिंसेत आणखी गावकरी गेले आणि एक जवानही गेला. लष्कराने खेद व्यक्त केला. मी भाच्याला सांगितलं की यावर वर्गात बोला. अशांत भागांत फौजेला जादा अधिकार देणारा १९५८चा विशेषाधिकार कायदा समोर ठेवा, तो का झाला ते वाचा, शनिवारी संध्याकाळी खाणीतली माणसं कुठल्या रस्त्याने घरी जातात हे कुणाला माहीत असायला हवं होतं ते विचारा. बी.ए. केलेला अधिकारी तिथे असता तर हे टळलं असतं, असं मी म्हणत नाही. पण फौजेवर प्रेम करणाऱ्या माणसाने ओटिंगचं नाव टाळू नये.

पदवीने सगळं होत नाही याचा पुरावा तर जगासमोर आहे. १९४५च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला दोन कर्नलांनी रात्री उशिरा, अर्ध्या तासात, नॅशनल जिओग्राफिकच्या नकाशावर कोरियाची अडतिसाव्या अक्षांशावर फाळणी सुचवली. सोल आपल्या बाजूला राहावं एवढा हिशेब. त्यातले एक, डीन रस्क, युद्धापूर्वी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. आम्हा दोघांना कोरियाची माहिती नव्हती, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. पुस्तकातलं राज्यशास्त्र होतं, त्या भूमीतली माणसं माहीत नव्हती. दुसरीकडे त्याच अमेरिकेत जॉर्ज लिंकन नावाचे ब्रिगेडियर जनरल १९४७ साली आपणहून कर्नलच्या हुद्द्यावर उतरले, कारण त्यांना वेस्ट पॉइंटच्या सामाजिक शास्त्रांच्या विभागात शिकवायचं होतं. खांद्यावरचा तारा काढून खडू हातात घेणारा माणूस! आपल्याकडेही शिक्षण कोअरमध्ये आणि अकॅडमीच्या नागरी प्राध्यापकांत अशी तळमळीची माणसं आहेत, समासातली लाल ओळ त्यांच्यापैकीच कुणाची तरी. त्यांना वेळ द्या, दमलेल्या मुलांचा दुसरा तास देऊ नका.

आणि मुलांना बाहेर काढा, हे माझं आग्रहाचं म्हणणं. महूतच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं सामाजिक विज्ञान विद्यापीठ आहे. एकाच गावात फौजेची तीन कॉलेजं आणि समाजशास्त्रांचं विद्यापीठ, असं देशात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. दोन्हीकडच्या मुलांनी एक हंगाम मिळून एकाच गावाचा अभ्यास करावा. विषयही समोर आहे. महूच्या आसपास फौजेच्या फायरिंग रेंज आहेत. फुटलेल्या गोळ्यांचं पितळ, लोखंड वेचायला आजूबाजूच्या गावांतली माणसं तिथे शिरतात, आणि न फुटलेला गोळा हाती लागून त्यात लोक मेलेले आहेत, हातपाय गमावलेले आहेत. लाल झेंडा असतो, फलक असतात, पहारा असतो, तरी जातात. फौजेच्या दृष्टीने हा घुसखोरीचा प्रश्न. भाच्याचंही पहिलं उत्तर तेच होतं: ‘‘कुंपण पक्कं करायचं.’’

मी म्हटलं, आधी जाऊन विचारून ये. भंगारवाला पितळाचा किलोला काय भाव देतो, आणि त्याच दिवसाची शेतमजुरी किती? रेंज होण्याआधी ती जमीन कुणाची, गुरं कुठे चरायची? कुठल्या महिन्यात माणसं जास्त जातात? पीथमपूरच्या कारखान्यात रोजंदारी ज्यांना मिळते त्या घरांतूनही कुणी जातं का? बायका जातात की पुरुष की पोरं? फायरिंगच्या तारखा गावात कोण सांगतं, दवंडी होते की पंचायतीच्या भिंतीवर कागद लागतो, आणि तो कागद वाचणारं घरात कोण आहे?

त्याने वहीचं कोरं पान काढलं आणि प्रश्न लिहून घेतले. शेवटी खाली स्वतःचा एक घातला: ज्याचा हात गेला त्याला भरपाई मिळाली का, आणि अर्ज कुठल्या ऑफिसात करायचा हे त्याला कुणी सांगितलं का?